पहिला पाय रिकामा जातो

"ड्रायव्हरची चूक की गाडीची, एवढंच लिहून द्या. एका ओळीत चालेल," देसाई साहेब म्हणाले.

देसाई साहेब कराडजवळच्या एका संस्थेचे व्यवस्थापक. संस्थेचा छोटा दवाखाना आहे आणि दवाखान्याची एक फिरती गाडी आहे. आठवड्यातून चार दिवस ती पाटणच्या वरच्या अंगाला, पवनचक्क्यांच्या पठारावरच्या वाड्यांवर जाते. रक्तदाबाच्या गोळ्या, लसी, बाळंतिणींची तपासणी, सगळं त्या एका गाडीवर. जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह. म्हणजे चिखलात चारही चाकांना जोर देता येतो अशी. तशी गाडी नसेल तर पावसाळ्याचे तीन महिने तिथं कुणी पोचत नाही.

ती गाडी आता माझ्या इस्लामपूरच्या गॅरेजच्या दारात टोइंग गाडीच्या मागं उभी होती. डावीकडचा पत्रा पुढच्या मडगार्डपासून मागच्या दारापर्यंत सोलून निघाला होता. आठ दिवसांपूर्वी घाट उतरताना ब्रेक लागला नाही. ड्रायव्हरनं गाडी डोंगराच्या बाजूला घातली आणि कपारीला घासत थांबवली. उजवीकडं दरी होती. गाडीत मागं बसलेल्या सिस्टरचं मनगट मोडलं. बाकी सगळे खरचटण्यावर निभावले.

"गाडीला पुढं मोठे ब्रेक बसवा," साहेब म्हणाले, "ते काम तुम्ही कराच. पण येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी संस्थेची मीटिंग आहे. ड्रायव्हरला ठेवायचं की नाही ते तिथं ठरणार. त्यासाठी मला तज्ज्ञाचं मत कागदावर पाहिजे."

तज्ज्ञ म्हणजे मी. सोळा वर्षं फौजेत गाड्यांचा मेकॅनिक होतो. त्यातली शेवटची पाच वर्षं पोरांना ब्रेक आणि स्टीअरिंग शिकवण्यात गेली. तेव्हापासून लोक उस्ताद म्हणतात. परत आल्यावर गॅरेज टाकलं. इस्लामपुरात ट्रॅक्टर दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, इंजिनवाले आहेत, पण ब्रेकचं अवघड काम असलं की गाडी माझ्याकडं येते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं त्यात या गोष्टीचा वाटा होता, म्हणून सांगतो.

टोइंगच्या गाडीतून आणखी एक माणूस उतरला. पन्नाशीचा, अंगानं बारीक, खाकी शर्ट. तो गाडीचा ड्रायव्हर तानाजी. साहेब त्याच्याकडं न बघता त्यांच्या गाडीत बसून गेले. तो तिथंच थांबला.

"उस्ताद, एक सांगू का," तो म्हणाला. "पयला पाय रिकामा जातुया. दुसरा मारला की धरतुया."

"कधीपासून?"

"वरीस झालं. पर सारखं न्हाई. कवातरीच."

"कुठल्या गॅरेजला दाखवलं?"

"कराडात दोनदा दावलं. त्यांनी पाय टाकून बघितला. टणटणीत पेडल. म्हणाले, काय न्हाई."

मीही आत बसून पाय टाकला. पेडल अर्ध्यावर येऊन दगडासारखं थांबलं. दहा वेळा टाकला, दहाही वेळा तसंच. मग चाकं काढली. पुढच्या दोन्ही डिस्कवर निळी झाक होती.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. ब्रेक मारला की दोन्ही बाजूंनी पॅड येऊन तिला दाबतात. तबकडी निळी पडते ती एकाच कारणानं, भयंकर तापली तर. आणि घाटात ती इतकी तापते तीही बहुतेक एकाच कारणानं. ड्रायव्हर उतारभर ब्रेकवर पाय ठेवून येतो. खालचा गिअर टाकून इंजिनावर गाडी रोखायची असते, ते तो करत नाही. ब्रेक तापतात, पॅड पकड सोडतात, आतलं ऑइल उकळतं. पेडल जातं खाली.

"तानाजीराव, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून गाडी उतरवता," मी म्हणालो. विचारलं नाही, सांगितलं.

त्यानं खाली बघितलं. "ठेवतो. खोटं कशाला बोलू. पर गिअर बी टाकतो मी."

"मग झालं तर. हे त्याचंच."

"न्हाई उस्ताद. पाय ठेवला तर त्ये हुतच न्हाई."

हे वाक्य मी ऐकलं. त्यावर क्षणभरही विचार केला नाही. माझ्यासमोर निळ्या डिस्क होत्या. मी त्याला पोरांना शिकवायचो तसा इंजिन ब्रेकिंगचा धडा दिला. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतला, नमस्कार केला आणि स्टँडकडं चालत गेला.

संध्याकाळी मी लेटरहेडवर लिहिलं: ब्रेक अतितापामुळे निकामी. उतारावर चालकाने ब्रेकवर सतत पाय ठेवल्याची स्पष्ट लक्षणे. सही, शिक्का. फोटो काढून साहेबांना पाठवला.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. काम मोठं पण सरळ होतं. त्या गाडीच्या जुन्या डिस्क म्हणजे एकसंध पातळ तबकड्या. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलला मोठ्या डिस्क येतात, आतून पोकळ. दोन ताटं मध्ये फटी ठेवून एकमेकांना जोडावीत तशा. फिरताना त्या फटींतून वारा खेळतो आणि डिस्क लवकर निवते. त्यांच्याबरोबर कॅलिपरही मोठे. कॅलिपर म्हणजे पॅड दाबणारा चिमटा. जुन्यात एक पिस्टन होता, नव्यात दोन. बोल्टची जागा जुळत होती. जुन्या रिममध्ये नवा कॅलिपर मावत नव्हता, म्हणून रिमही मोठ्या घेतल्या. मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, म्हणून पेडलमागचा, ऑइल पुढं ढकलणारा मास्टर सिलिंडरही त्याच मॉडेलचा बसवला. हे शेवटचं पुष्कळ लोक विसरतात आणि मग पेडल लांब जातं म्हणून कपाळावर हात मारतात. मी विसरलो नव्हतो.

या गाडीत डिस्क बदलायची तर हब काढावा लागतो. हब म्हणजे चाकाचा मधला गड्डा. तो दोन बेअरिंगवर फिरतो, आणि बेअरिंग ज्या जाड पोकळ दांड्यावर बसतात त्याला स्पिंडल म्हणतात. हब काढलाच आहे तर मी चारही बेअरिंग नवी घातली, ग्रीस भरलं, नट मापात आवळला. डाव्या स्पिंडलवर एक चकाकणारा पट्टा दिसला. नखानं चाचपला. किंचित उतार जाणवला. जुनी गाडी आहे, इतकं चालायचंच, असं म्हणून मी बेअरिंग वर सरकवलं. ते जरा सहज सरकलं. तेव्हा हातात बरंच काम होतं.

बुधवारी गाडी उभी राहिली. हायवेच्या सर्व्हिस रोडवर काढली. उसाच्या ट्रॉल्या चुकवत चाळीसवर गेलो, साठवर गेलो, ऐंशीवर गेलो. दर वेळी ब्रेक मारला की गाडी सरळ रेषेत जागच्या जागी. पेडल हाताच्या मुठीइतकं वर. मी खूश झालो. सांगायला हरकत नाही, स्वतःच्या कामावर खूश होण्यासारखं ते काम होतं.

गुरुवारी सकाळी तानाजी गॅरेजवर आला. एसटीनं आला होता. बाकावर बसला, चहा घेतला, गाडीकडं बघत राहिला.

"झालं का काम?"

"झालं. आता कधी त्रास देणार नाही."

त्यानं कप बाकावर ठेवला. मग म्हणाला, "गावात लोक काय बोलत्यात ठावं हाय का? तानाजी झोपला हुता. कोण म्हणतं पिऊन हुता. मी माळकरी न्हाई, पर त्या वाटंला कवा गेलेलो न्हाई. परवा मेव्हण्याकडं कार्यक्रम हुता. पावण्यांना आणायला मी जीप काढाय लागलो, तर त्यानं हातातली किल्ली काढून घितली. म्हणाला, दाजी, तुमी बसा."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"तुमी लिवून दिलंय त्ये सायबांनी दावलं मला," तो म्हणाला. "त्याबद्दल माझं म्हणणं न्हाई. तुमाला जे दिसलं त्ये लिवलं. पर एकदा गाडी वर नेऊन बघा. सपाटीला न्हाई. त्या घाटात, वळणावर."

ब्रेकचं काम केलं की गाडी खऱ्या घाटातून उतरवल्याशिवाय द्यायची नाही, हा माझा नियमच आहे. मी तसाही निघणार होतो. म्हटलं, चला मग तुम्हीच.

मागं वाळूची दहा पोती टाकली, म्हणजे गाडीत माणसं आणि औषधं असल्यासारखा भार झाला. उंब्रजवरून पाटण, तिथून वर. तानाजी शेजारी बसला. वर पठारावर गाडी वळवली, पवनचक्कीच्या खाली पाच मिनिटं थांबलो आणि उतरायला लागलो.

दुसरा गिअर. इंजिनावर गाडी रोखलेली. गरज पडेल तिथं ब्रेक, की लगेच पाय वर. पुस्तकात लिहिलंय तसं. पहिली तीन वळणं लोण्यासारखी गेली. मी तानाजीकडं बघितलं. तो समोर बघत होता.

"आता म्होरं दोन वळणं पाठोपाठ येतील," तो म्हणाला. "उजवं, डावं. मधी रस्ता उखणलाय. त्याच्या पुढं थोडं सरळ हाय. तितं पाय टाका. पर गाडी हळू ठेवा, उस्ताद. सांगतोय म्हणून ऐका."

मी वेग निम्म्यावर आणला. उजवं वळण, खड्डे, डावं वळण. सरळ रस्ता आला. पाय टाकला.

पेडल खाली गेलं. जवळजवळ फळीपर्यंत. गाडी तशीच पुढं.

मी सोडून पुन्हा मारला. गच्च. गाडी जागेवर उभी राहिली.

हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. तानाजीनं खिशातून रुमाल काढून स्वतःचा चेहरा पुसला. मला कळलं की मी त्याच्यापेक्षा कमी घाबरलो होतो. त्या सरळ रस्त्याच्या शेवटी जी कपार होती, तिच्यावर आमच्याच गाडीचा पांढरा रंग अजून होता.

पहिला विचार आला तो सगळ्या मेकॅनिकना येतो तो. लाइनीत हवा राहिली. ऑइलमध्ये हवेचा बुडबुडा असला की पेडल दबतं पण जोर पुढं जात नाही. मी हत्यारं बरोबर ठेवतो. तिथंच रस्त्याकडेला चारही चाकांच्या ब्रेकलाइनमधली हवा पुन्हा काढली. तानाजी पेडल मारत होता, मी खाली. एक बुडबुडा आला नाही. परत वर गेलो, परत उतरलो. त्याच जागी पहिला पाय रिकामा, दुसरा भरलेला.

तिसऱ्यांदा वर जाऊन थांबलो. मी बॉनेटला टेकून विचार करत होतो. मग त्याला विचारलं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते.

"तानाजीराव, पाय ठेवला तर होत नाही, म्हणालात तुम्ही. म्हणजे कसं?"

"म्हंजी असं," त्यानं तळवा हलकेच खाली दाबून दाखवला. "जोर न्हाई द्यायचा. नुसता टेकवून ठेवायचा. वळणातनं टेकवलेला पाय असला की पुढं ब्रेक लागतोच. उचलला की गेला. वरसभर मी तसाच उतरत हुतो."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी उचलला हुता." तो थांबला. "पॅड लय झिजत्यात म्हणून सायबांनी तंबी दिली हुती. ब्रेकवर पाय ठेवायचा न्हाई, पुन्यांदा दिसलं तर बघतो म्हणाले. म्हणून म्हटलं, सवय मोडू."

मी तिथंच दगडावर बसलो.

सगळं उलटं होतं. ब्रेकवर पाय ठेवल्यानं बिघाड झाला नव्हता. बिघाड होता म्हणून हा माणूस पाय ठेवत होता. डिस्क निळ्या पडल्या त्या त्याच्या इलाजानं, रोग वेगळाच होता. आणि ज्या दिवशी त्यानं वरिष्ठांचं ऐकून इलाज बंद केला, त्याच दिवशी अपघात झाला. मी निळी झाक बघितली आणि परिणामाला कारण समजून सही ठोकली.

आता कारण ओळखणं अवघड नव्हतं. पॅड नेहमी डिस्कला अगदी लागून असतात, मध्ये कागदाएवढी फट. वळणात चाकावर बाजूनं भार येतो. चाकाची बैठक ढिली असेल तर डिस्क तिरकी होते आणि पॅडना मागं ढकलते. फट वाढते. मग पहिला पाय टाकला की सगळं ऑइल ती फट भरण्यातच संपतं. दुसऱ्या वेळी पॅड जवळ आलेले असतात, म्हणून ब्रेक लागतो. पाय टेकवून ठेवला तर पॅड मागं सरकतच नाहीत. तानाजीला हे शास्त्र माहीत नव्हतं. पण त्याच्या तळपायाला माहीत होतं.

आणि माझ्या नव्या ब्रेकनी हे बरं केलं नव्हतं, वाढवलं होतं. मोठे पिस्टन मागं ढकलले गेले की ते पुढं आणायला ऑइल जास्त लागतं. म्हणजे मी गाडी तशीच दिली असती तर पुढचा रिकामा पाय आधीपेक्षा खोल गेला असता. गाडीत सिस्टर असती, बाया-पोरं असती. हा विचार आजही मला नीट करता येत नाही.

"उतरताना तुम्ही चालवा," मी तानाजीला म्हणालो.

"मी?"

"तुमचा पाय टेकवून. सावकाश."

त्यानं गाडी खाली आणली. एकदाही पेडल गेलं नाही.

गॅरेजवर येऊन डावं चाक उचललं. हातानं हलवून बघितलं तर काही नाही, टणक. म्हणून मग डायल गेज लावलं. केसाएवढी हालचालसुद्धा काट्यावर दाखवणारं ते घड्याळासारखं यंत्र. टायरखाली लांब पहार घातली आणि माझ्याकडच्या दोन कारागिरांना सांगितलं, द्या जोर. काटा सरकला. उजव्या चाकाला तसंच केलं, तर काटा जागचा हलला नाही.

हब पुन्हा काढला. स्पिंडलवरच्या त्या चकाकणाऱ्या पट्ट्याला जाडी मोजणारा मायक्रोमीटर लावला. उजव्याच्या मानानं डावा स्पिंडल तिथं झिजलेला होता. झीज केसाच्या जाडीहून थोडी जास्त. कधीतरी मागं बेअरिंग सुकं पडलं असणार, आणि ते स्वतः फिरायचं सोडून स्पिंडललाच घासत राहिलं असणार. त्याच्यावर नवं बेअरिंग घातलं तरी ते झोकांडी खाणारच. नट आवळला की हाताला टणक लागतं. वळणाचा भार आला की खरं रूप दिसतं. कराडच्या गॅरेजला दिसलं नाही यात त्यांचा दोष कमीच. त्यांनी हब उघडलाच नव्हता. मी उघडला होता, बघितला होता आणि नखानं चाचपलाही होता.

शुक्रवारी सकाळी कोल्हापूरच्या डीलरला दोन्ही बाजूंचे नवे स्पिंडल सांगितले. सोमवारशिवाय येणार नव्हते. मीटिंग दुसऱ्या दिवशी, शनिवारी. मी जुना स्पिंडल गोणपाटात गुंडाळला, मायक्रोमीटर खिशात टाकला आणि कराड गाठलं.

देसाई साहेबांच्या केबिनमध्ये ज्यांचं मनगट मोडलं त्या मीनाक्षी सिस्टरही होत्या. हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं औषधांची यादी तपासत होत्या.

"झाली का गाडी?" साहेबांनी विचारलं.

"नाही. आधी मी दिलेला कागद परत द्या."

"का?"

"चुकीचा लिहिला."

साहेबांनी चष्मा काढला. "कांबळे, तुम्ही शिक्का मारून दिलाय. मी तो मीटिंगच्या कागदांत लावलाय."

"म्हणूनच आलोय."

मी स्पिंडल टेबलावर ठेवला. त्यांना नख फिरवायला सांगितलं. झिजलेल्या भागावरून चांगल्या भागावर येताना नख अडकतं. मायक्रोमीटरचं माप दाखवलं. घाटात काय झालं ते सांगितलं, तीनही खेपा. साहेब हुशार माणूस. त्यांनी नेमका प्रश्न विचारला.

"हे अपघातातच झालं नसेल कशावरून? डावी बाजूच घासलीय."

"धडकेनं लोखंड वाकतं, नाहीतर चिरतं. असं गोल गुळगुळीत झिजत नाही. ही झीज हजारो किलोमीटरची आहे. आणि अपघाताच्या आधी वर्षभर हा माणूस सांगत होता की पहिला पाय रिकामा जातो."

"त्याचं सांगणं झालं ते."

"दोनदा मारला होता त्यांनी," सिस्टर म्हणाल्या. आम्ही दोघांनी त्यांच्याकडं बघितलं. "मी मधल्या सीटवर होते, पुढंच बघत होते. पायाचा आवाज दोनदा आला. पहिल्यांदा 'खट' असा, तळाला लागल्यासारखा. मग ब्रेक लागला, पण तोवर वळण आलं होतं. त्यांनी गाडी डोंगराकडं ओढली. मला कुणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही. मला वाटलं गाडीतलं तुम्हा लोकांना कळतं."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला.

तंबीची गोष्ट मी काढणार नव्हतो. ते माझं काम नव्हतं. ती साहेबांनी स्वतःच काढली.

"ब्रेकवर पाय ठेवायचा नाही असं मीच त्याला सांगितलं होतं," ते म्हणाले. "पॅडची बिलं बघून. आणि तेच तुमच्या कागदात आलं, म्हणून मला ते लगेच पटलं."

"मलाही लगेच पटलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी फायलीतून कागद काढून माझ्यापुढं सरकवला आणि कोरा कागद दिला. मी लिहिलं: डाव्या पुढच्या स्पिंडलची जुनी झीज, त्यामुळे वळणानंतर ब्रेकचे पहिले दाबणे निष्फळ. चालकाने ब्रेकवर पाय ठेवणे हा दोषाचा परिणाम आहे, कारण नव्हे. गाडी डोंगराच्या बाजूला घेण्याचा चालकाचा निर्णय योग्य. माझे आधीचे मत चुकीचे होते. शेवटचं वाक्य लिहिताना पेन जरा थांबलं, पण लिहिलं.

शनिवारच्या मीटिंगला मी नव्हतो. दुपारी साहेबांचा फोन आला. तानाजी कामावर राहणार. शिवाय यापुढं गाडीत एक वही राहील. ड्रायव्हरला गाडीत काही वेगळं वाटलं तर त्यात लिहायचं आणि साहेबांनी त्यावर आठवड्यात सही करायची. ही कल्पना त्यांची स्वतःची. मला आवडली.

सोमवारी स्पिंडल आले. दोन्ही बदलले. डायल गेज लावून पहारीनं जोर दिला, तर काटा झोपलेला. मंगळवारी पुन्हा वाळूची पोती, पुन्हा तोच घाट. या वेळी साहेब स्वतः मागं बसले. गाडी तानाजीनं चालवली. मी त्याला एकच सांगितलं, पाय टेकवायचा नाही. हे त्याला फार जड गेलं. पहिल्या खेपेला त्याचा पाय आपोआप पेडलकडं जायचा, मग तो मांडीवर हात दाबून पाय मागं घ्यायचा. त्या दोन वळणांच्या पुढं सरळ रस्त्यावर त्यानं पेडल मारलं आणि गाडी उभी राहिली. त्यानं पुन्हा मारून बघितलं. दोन्ही वेळा पेडल एकाच उंचीवर.

"अजून एक खेप मारू," तो म्हणाला.

आम्ही पाच मारल्या. खाली आल्यावर दर वेळी मी डिस्कची उष्णता मापली. नव्या डिस्क पोकळ असल्यानं दहा मिनिटांत निवत होत्या. ब्रेकचं काम मुळात चांगलंच झालं होतं. ज्याच्यावर ते उभं होतं ते कुजकं होतं.

पुढच्या आठवड्यात गाडी वाड्यांवर सुरू झाली. पहिल्या दिवशी वरच्या वाडीतल्या दोन बायका दवाखान्यात यायला गाडीत बसेनात. तेव्हा सिस्टर प्लास्टरचा हात घेऊन पुढच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, चला, मला उशीर होतोय. बायका बसल्या. हे मला तानाजीनं फोनवर सांगितलं. मेव्हण्याचं काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

त्यानंतर मी गॅरेजची एक पद्धत बदलली. ब्रेकची तक्रार घेऊन गाडी आली की आधी चाक उचलत नाही. जो ती रोज चालवतो त्याला स्टीअरिंगवर बसवतो, मी शेजारी बसतो आणि म्हणतो, जिथं होतं तिथं घेऊन चला. यात तास-दोन तास जातात, कधी अर्धा दिवस. कारागीर कुरकुरतात. पण निळ्या डिस्कला तोंड नसतं, आपण म्हणू ते ती कबूल करते. माणूस तसं करत नाही, आणि म्हणून त्याचं आधी ऐकायचं असतं.